यितांग झांग: सँडविचचं दुकान, ७ कोटी आणि मधली वीस वर्षं

हट्टी_गणक

“सँडविचच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाने दीडशे वर्षांचं कोडं सोडवलं” हे ढकलपत्र पुन्हा फिरायला लागलंय. खाली गुलाबाची फुलं आणि ‘हार मानू नका’. माणूस खरा आहे, दुकानही खरं आहे. पण ते कोडं (३-५, ११-१३ अशा २ च्या अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या, म्हणजे जोडमूळ संख्या, कधी संपतात का?) दुकानात सुटलं नाही, पूर्ण तर ते आजही सुटलेलं नाही, आणि हा माणूस वाट चुकून गणितात शिरलेला हौशी तर मुळीच नव्हता. ग्रुपवर लिहिलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

यितांग झांग यांचा जन्म १९५५ चा, शांघायचा. बालपण आजीजवळ गेलं. तेराव्या वर्षी आईवडिलांकडे बीजिंगला आले तेव्हा सांस्कृतिक क्रांती ऐन भरात होती. शाळा बंद, शिकलेली माणसं संशयित. आईची खेड्यात शेतीच्या कामावर रवानगी झाली तेव्हा मुलगाही तिच्याबरोबर गेला. तिथे भाजीपाला पिकवायचा, नंतर कारखान्यात मजुरी. हायस्कूलचं तोंड त्यांनी पाहिलंच नाही. गणिताची पुस्तकं हाती लागतील तशी वाचली, तीही लोकांच्या नजरा चुकवून.

१९७७ मध्ये चीनने विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू केल्या आणि १९७८ साली, २३ व्या वर्षी, झांग पेकिंग विद्यापीठात दाखल झाले. तो काळही लक्षात घ्यायला हवा. चिनी गणिती चेन जिंगरुन यांनी १९७३ मध्ये गोल्डबाखच्या अनुमानाच्या (२ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते) अगदी जवळ जाणारा निकाल सविस्तर सिद्धतेसह छापला होता: पुरेशी मोठी कुठलीही सम संख्या घ्या, ती एक मूळ संख्या आणि फार तर दोन मूळ संख्यांचा गुणाकार यांच्या बेरजेत मांडता येते. १९७८ च्या सुरुवातीला चेनवर एक मोठा लेख प्रसिद्ध झाला आणि हा अबोल, आजारी माणूस रातोरात देशाचा नायक झाला. आपल्याकडे पोरांना क्रिकेटपटू व्हायचं असतं, तिथे त्या दोनचार वर्षांत पोरांना अंकशास्त्रज्ञ (भविष्यवाले नव्हेत, संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणारे गणिती) व्हायचं होतं.

झांग यांनी १९८४ मध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं ते पान चेंगबियाओ यांच्याकडे. पान म्हणजे त्याच परंपरेतले, चाळणी पद्धतींचे (नको त्या संख्या गाळून मूळ संख्यांचा अंदाज घेण्याच्या तंत्रांचे) जाणकार. तीस वर्षांनी झांग यांनी जे सिद्ध केलं त्याची हत्यारं त्यांना पेकिंगमध्येच मिळाली होती. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. मेसेज वाचून वाटतं, पोळीभाजी केंद्रावरच्या कुणीतरी एके दिवशी कागद घेतला आणि चमत्कार झाला. वस्तुस्थिती अशी की, उत्तम तालमीत तयार झालेला एक माणूस वीस वर्षं विद्यापीठांच्या दाराबाहेर किंवा उंबऱ्यावर राहिला आणि तरी त्याने रियाज सोडला नाही.

पुढचं थोडक्यात. १९८५ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठ, मार्गदर्शक टी. टी. मोह, विषय जेकोबियन अनुमान (बहुपदींबद्दलचा एक प्रश्न). म्हणजे अंकशास्त्र सोडून बैजिक भूमिती! १९९१ मध्ये पीएच.डी., आणि त्यानंतर नोकरी नाही. कधी हिशेबनीस, कधी हॉटेलचं पार्सल पोचवणं, केंटकीत मित्राच्या ‘सबवे’ सँडविचच्या दुकानाचे हिशेब आणि गर्दी असली की गल्ल्यावर उभं राहणं. १९९९ साली पेकिंगच्या ओळखीतून न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवण्याचं काम मिळालं. तेव्हा तिथले विभागप्रमुख होते केनेथ अॅपल, चार रंगांचा सिद्धांत संगणकाच्या मदतीने सिद्ध करणाऱ्या जोडीतले. पद लेक्चररचं, म्हणजे कॅल्क्युलसचे वर्ग घ्यायचे.

एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या गणितातल्या नामांकित नियतकालिकाकडे लेख पाठवला. वय ५८. बाकीचं प्रतिसादांत बोलू.

पाटीपेन्सिल

छान लिहिलंय, वाचतेय. जोडमूळ संख्या शाळेत शिकवते मी: ३-५, ५-७, ११-१३, १७-१९. शंभरपर्यंत आठ जोड्या. पण झांगनी नेमकं काय सिद्ध केलं ते पोरांना सांगता येईल असं सांगाल का? ‘७ कोटी’ हा आकडा सगळीकडे दिसतो आणि कुणीच समजावत नाही.

हट्टी_गणक

@पाटीपेन्सिल, प्रयत्न करतो.

मूळ संख्या पुढे पुढे विरळ होत जातात. शंभरपर्यंत २५ आहेत, म्हणजे सरासरी चारात एक. शंभर आकडी संख्यांच्या मुलखात गेलात तर दोन मूळ संख्यांमध्ये सरासरी २३० चं अंतर पडतं. हजार आकडी संख्यांत साधारण २,३००. ही सरासरी कुठेच थांबत नाही, वाढतच जाते.

मग प्रश्न असा: सरासरी अंतर एवढं वाढत असताना एकमेकींना चिकटून असलेल्या जोड्या कायम सापडत राहतील की कधीतरी संपतील? जोडमूळ अनुमान म्हणतं, २ च्या अंतराच्या जोड्या कधीच संपत नाहीत. झांग यांच्याआधी परिस्थिती अशी होती की २ सोडा, १००० सोडा, एक अब्ज सोडा, कुठल्याही एका ठरलेल्या अंतराबद्दल हे कुणाला म्हणता येत नव्हतं. झांग यांनी सिद्ध केलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. सरासरी अंतर अब्जावर जावो, परार्धावर जावो, त्याच्याही पुढे कुठेतरी ७ कोटींच्या आतली जोडी सापडणार म्हणजे सापडणारच.

पोरांना ‘मर्यादा आहे की नाही’ एवढंच सांगा. आधी ‘माहीत नाही’ होतं, आता ‘आहे’ झालं.

खडूस_आजोबा

हवं होतं २, मिळालं ७ कोटी. आमच्या वेळी अशा उत्तराला मास्तर शून्य द्यायचे. 😀

चाळणकर

आजोबा, मास्तरांनी शून्य दिलं असतं तर ते ‘अनंत’ आणि ‘७ कोटी’ यांतला फरक न कळल्यामुळे. 😛

थोडं आतलं सांगतो, कारण ७ कोटीचं मूळ फार गमतीदार आहे. (माझं शिक्षण याच विषयात झालंय, पोट मात्र सॉफ्टवेअरवर भरतो.)

समजा तुम्ही एक साचा ठरवला: न, न+२, न+६. न वाढवत नेला तर तिन्ही जागी मूळ संख्या येतील असे न अनंत असावेत असा अंदाज आहे. पण न, न+२, न+४ असा साचा घेतला तर? यातल्या एकीला ३ ने भाग जातोच जातो. ३, ५, ७ सोडल्यास हे त्रिकूट पुन्हा कधी मिळणार नाही. म्हणजे साचा असा हवा की कुठल्याही मूळ संख्येने भागल्यावर निदान एक बाकी मोकळी राहिली पाहिजे. अशाला ग्राह्य साचा म्हणू.

२००५ मध्ये गोल्डस्टन, पिंट्झ आणि यिल्दिरिम या तिघा गणितींनी दाखवलं की सरासरीच्या मानाने कितीही लहान अंतरं सापडतात. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मूळ संख्या निरनिराळ्या बाक्यांमध्ये समान वाटल्या जातात याची जी खात्री आपल्याला आहे, ती एक केसभर जरी पुढे सरकवता आली तरी अंतराला पक्की मर्यादा मिळते, हेही त्यांनी दाखवून ठेवलं.

समान वाटल्या जातात म्हणजे काय? १० ने भागलं तर मूळ संख्यांचा शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ (२ आणि ५ सोडून), आणि चौघांच्या वाट्याला जवळजवळ सारख्या येतात. भाजक लहान असेपर्यंत हे ठीक चालतं. एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्या घेतल्या आणि भाजक मोठा मोठा करत नेला तर कुठवर खात्री देता येते? १९६५ च्या बॉम्बिएरी–विनोग्रादोव प्रमेयाने सरासरीवर खात्री दिली ती साधारण वर्गमुळापर्यंत, म्हणजे घातांक १/२. तिघांना हवं होतं १/२ पेक्षा किंचित जास्त. किती जास्त याला महत्त्व नव्हतं. पण तो केसभर कुणालाच मिळत नव्हता. या क्षेत्रातल्या दादा मंडळींनी जोर लावून पाहिला आणि बहुतेकांनी नाद सोडला.

झांग यांना मिळालेला केस: १/५८४. खरंच. घातांक १/२ वरून १/२ + १/५८४. तोही सगळ्या भाजकांसाठी नव्हे, ज्यांचे मूळ अवयव सगळे लहान आहेत अशाच भाजकांसाठी. पण तेवढं पुरलं.

आता ७ कोटी. १/५८४ वरून हिशेब केला तर साच्यात ३५ लाख जागा लागतात: एवढ्या जागांच्या कुठल्याही ग्राह्य साच्यात निदान दोन मूळ संख्या अनंत वेळा येतातच, आणि त्यांतलं अंतर साच्याच्या विस्तारापेक्षा जास्त असू शकत नाही. त्यांनी ३५ लाखांपेक्षा मोठ्या अशा ३५ लाख मूळ संख्या उचलल्या आणि तोच साचा धरला. तो आपोआप ग्राह्य होतो: त्यातल्या कुठल्याच संख्येला ३५ लाखांपर्यंतच्या मूळ संख्येने भाग जात नाही म्हणून शून्य ही बाकी मोकळी, आणि भाजक त्याहून मोठा असेल तर सगळ्या बाक्या भरायला साच्यात जागाच पुरत नाहीत. मग नुसतं बघितलं की ७ कोटींपर्यंत अशा ३५ लाख मूळ संख्या मिळतात. मिळतात. संपलं! साधी वजाबाकी करून पहिली आणि शेवटची यांतला फरक काढला असता तर आकडा ५,९८,७४,५९४ वर आला असता. त्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. गोल आकडा लिहिला आणि पुढे गेले. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त जवळीक वाटते ती या बेफिकिरीमुळे.

पाटीपेन्सिल

चाळणकर, ३-५-७ चं उदाहरण उद्याच वर्गात वापरणार. केवळ दंडवत.

रात्रपाळी

+१ चाळणकर. असे प्रतिसाद आहेत म्हणून इथे येतो.

अवांतर: जोडमूळ संख्यांमुळे इंटेल कंपनीला घाम फुटला होता हे किती जणांना माहीत आहे? ब्रुन नावाच्या नॉर्वेजियन गणित्याने १९१९ मध्ये दाखवलं की सगळ्या जोडमूळ संख्यांचे व्यस्त (१/३ + १/५ + १/५ + १/७ + १/११ + १/१३...) मिळवत गेलं तर बेरीज अनंताकडे जात नाही, १.९ च्या आसपास थांबते. १९९४ मध्ये व्हर्जिनियातले प्राध्यापक थॉमस नाइसली ती बेरीज संगणकावर अचूक काढत बसले होते. उत्तर जुळेना. प्रोग्राम तपासला, बोर्ड तपासला, शेवटी लक्षात आलं की पेंटियम चिपच भागाकार चुकतेय. ज्या जोडीवर घोडं अडलं ती ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३. इंटेलने आधी ‘सामान्य ग्राहकाला काही फरक पडत नाही’ असा पवित्रा घेतला, मग बोंबाबोंब झाल्यावर चिपा बदलून दिल्या. त्यापायी साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा फटका बसला.

कोण म्हणतं शुद्ध गणिताचा व्यवहारात उपयोग नाही!

निरगुडी

मूळ विषयाकडे येऊ या. १९९१ ते १९९९, आठ वर्षं. पर्ड्यूची पीएच.डी. असलेल्या माणसाला साधी नोकरी मिळू नये? मार्गदर्शकाने शिफारसपत्र दिलं नाही असं बहुतेक लेखांत येतं. मी स्वतः संशोधन अर्धवट सोडलेली मुलगी आहे. एका विद्यापीठात (नाव घेत नाही) गाईडने माझी दोन प्रकरणं महिनोन् महिने वाचलीच नाहीत, आणि वर ‘प्रगती नाही’ असा शेरा मारला. त्यामुळे झांग यांच्याबाबतीत काय झालं असेल ते मला न सांगता कळतं. हट्टी_गणक, तुम्ही हा भाग एका ओळीत उरकलात हे खटकलं.

हट्टी_गणक

उरकला, कारण दोन बाजू आहेत आणि दोन्ही नीट मांडायच्या तर जागा लागते.

झांग यांची बाजू: त्यांना अंकशास्त्र करायचं होतं. पण पेकिंगच्या वरिष्ठांचा सल्ला पडला बैजिक भूमितीकडे जाण्याचा, आणि पाठवलं मोह यांच्याकडे. जेकोबियन अनुमानावर सहासात वर्षं गेली. प्रबंध झाला, पण त्यातून छापण्याजोगं काही निघालं नाही. गुरुशिष्यांचं बिनसलं होतं. नोकरीच्या बाजारात शिफारसपत्राशिवाय उभं राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

मोह यांची बाजू: २०१३ मध्ये झांग प्रसिद्ध झाल्यावर मोह यांनी त्या पर्ड्यूच्या दिवसांवर एक टिपण लिहिलं. झांग शिफारसपत्र मागायला परत कधी आलेच नाहीत, असं त्यात म्हटलंय. आणि मोह काही ऐरेगैरे नव्हते. दोन चलांच्या जेकोबियन अनुमानात १०० घातापर्यंत ते खरं आहे हा निकाल त्यांचाच.

मला दोघांचंही खरं वाटतं. झांग यांचा स्वभाव मुलाखतींमधून दिसतो: संकोची, मोजकं बोलणारा, आपण होऊन काही न मागणारा. पत्र मिळणार नाही असं वाटलं की असा माणूस मागायलाच जात नाही. आणि देणाऱ्याला ‘मागितलं असतं तर दिलं असतं’ म्हणणं सोपं जातं.

निरगुडी

शेवटचं वाक्य पटलं. पण मग ‘रियाज सोडला नाही’ हे कौतुक जरा जपून करा. रियाज न सोडणारे कितीतरी असतील ज्यांना न्यू हॅम्पशायरचा मित्र भेटला नाही. त्यांच्यावर ढकलपत्र निघत नाही.

चाळणकर

निरगुडीताई, अगदी खरं. त्यात एक भर घालतो. त्या काळात ते गणितापासून तुटले होते असंही नाही. सुट्टीच्या वेळी ग्रंथालयात जाऊन नियतकालिकं वाचायचे. २००१ मध्ये ‘ड्यूक मॅथेमॅटिकल जर्नल’मध्ये त्यांचा लेख आलाय, रीमान झीटा (मूळ संख्यांशी घट्ट जोडलेलं एक फल) याच्या विकलिताच्या शून्यांवर. ‘ड्यूक’मध्ये छापून येणं ही या धंद्यातली मोठी गोष्ट. म्हणजे २०१३ च्या बारा वर्षं आधी दाखला हजर होता, फक्त कुणी बघितलं नाही. त्यानंतर २०१३ पर्यंत छापील असं जवळपास काही नाही. आजच्या ‘वर्षाला इतके पेपर’वाल्या हिशेबात अशा माणसाचा करार पुढे वाढला असता का? मला शंका आहे.

खडूस_आजोबा

हरणाची गोष्ट खरी का हो? की तीही ढकलपत्रातली?

हट्टी_गणक

आजोबा, हरणाची गोष्ट खरी. 😀 त्यांनी स्वतःच सांगितलेली.

जुलै २०१२. कोलोरॅडोत प्यूब्लो गावी ते एका मित्राकडे राहायला गेले होते. मित्र वाद्यवृंदाचा संचालक, त्याच्या मुलाला कॅल्क्युलस शिकवायचं हे निमित्त. मित्राला तालमीला जायचं होतं, त्याआधी झांग परसात सिगारेट ओढायला गेले. त्या अंगणात कधीकधी हरणं यायची, तीही बघायची होती. हरीण काही आलं नाही, पण अडलेली जागा कशी ओलांडायची ते सुचलं. नंतर घरी जाऊन तपशील भरायलाच काही महिने लागले.

आता हे ऐकून ‘प्रतिभेचा साक्षात्कार’ वगैरे म्हणायचा मोह होतो. पण त्याआधी तीनेक वर्षं ते याच एका फटीत अडकून होते. परसातली ती थोडी मिनिटं लक्षात राहतात, तीन वर्षं कुणी विचारत नाही.

मला हरणापेक्षा पुढचा भाग रंगतदार वाटतो. लेख ‘अॅनल्स’कडे पोचला १७ एप्रिल २०१३ ला. तिथे एका लेखाला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. शिवाय जोडमूळ संख्यांवर ‘सिद्धता’ पाठवणाऱ्यांची रांग असतेच, आणि या लेखकाचं नाव संपादकांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण पहिली काही पानं वाचूनच कळलं की हा माणूस विषय कोळून प्यायलाय. लेख तपासायला गेला तो हेन्रिक इवान्येत्स आणि जॉन फ्रीडलँडर यांच्याकडे, म्हणजे ज्यांच्या १९८० च्या दशकातल्या कामावर तो उभा होता त्यांच्याचकडे. दोघांनी दुसरी कामं बाजूला ठेवून ओळ न् ओळ तपासली. चूक सापडली नाही. २१ मे ला स्वीकृती. मधल्यामध्ये १३ मे ला हार्वर्डमध्ये व्याख्यानही झालं.

बायको तेव्हा कॅलिफोर्नियात राहायची. तिला फोनवर सांगितलं, वर्तमानपत्रांवर लक्ष ठेव, माझं नाव येईल. ती म्हणाली, प्यायलायस का?

रात्रपाळी

शेवटच्या ओळीला उठून हसलो. जगातल्या सगळ्या बायका एकच.

पाटीपेन्सिल

@रात्रपाळी, रात्री उशिरा फोन करून असलं काही सांगणारे नवरेही एकच. 🙂

पुरस्कारांचं काय? फील्ड्स पदक, गणितातला सगळ्यात मोठा मान, मिळालं का?

चाळणकर

नाही. फील्ड्सला चाळिशीची अट आहे. फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध करणाऱ्या अँड्र्यू वाइल्सनाही त्याच अटीमुळे हुकलं, १९९८ मध्ये एक खास रौप्यपट्टिका देऊन बोळवण केली. झांग तर ५८ चे होते. बाकी मात्र रांग लागली: २०१३ मध्ये ऑस्ट्रोव्स्की, २०१४ मध्ये कोल, रॉल्फ शॉक आणि मॅकआर्थर (सव्वासहा लाख डॉलर). कोल पुरस्काराबद्दल मला मनापासून बरं वाटलं, कारण त्या वर्षी तो झांग यांच्याबरोबर गोल्डस्टन, पिंट्झ, यिल्दिरिम यांनाही मिळाला. ज्यांनी दारापर्यंत रस्ता बांधला त्यांची आठवण ठेवली.

२०१४ च्या सोलच्या जागतिक परिषदेत, जिथे मंजुल भार्गव आणि मरियम मिर्झाखानी यांना फील्ड्स मिळालं, तिथे समारोपाच्या दिवशी झांग यांचं व्याख्यान होतं. न्यू हॅम्पशायरने लेक्चररवरून थेट पूर्ण प्राध्यापक केलं. २०१५ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठात, सँटा बार्बराला गेले.

चाळिशीनंतर गणित संपतं हे एक थोतांड आहे, जाता जाता. अॅपेरी यांनी झीटा(३), म्हणजे १ + १/८ + १/२७ + ... ही घनांच्या व्यस्तांची बेरीज, अपरिमेय असल्याचं १९७८ मध्ये दाखवलं तेव्हा साठी उलटलेली होती.

खडूस_आजोबा

साठी उलटल्यावर काय काय करता येतं याची माहिती आमच्या घरच्यांनाही कळवा.

ते असो. ७ कोटीचं पुढे काय झालं? का अजून तिथेच अडलंय?

चाळणकर

नाही हो, तो तर वेगळा तमाशा! २०१३ च्या जूनमध्ये नामवंत गणिती तेरेन्स ताओ यांच्या पुढाकाराने इंटरनेटवर उघडा प्रकल्प सुरू झाला, पॉलिमॅथ ८. कुणीही या, सुधारणा सुचवा. आकडा रोज खाली. ७ कोटीवरून काही आठवड्यांत हजारांत आला आणि शेवटी ४,६८० वर थांबला. साच्यातल्या जागा ३५ लाखांवरून ६३२.

नोव्हेंबरात जेम्स मेनार्ड नावाचा मुलगा, नुकताच पीएच.डी. झालेला, वेगळ्याच वाटेने आला. त्याने चाळणीला वजनं लावण्याची पद्धत बदलली आणि थेट ६०० गाठले. तेसुद्धा झांग यांचं १/५८४ न वापरता, १९६५ च्या जुन्या प्रमेयावर! ताओंनाही त्याच सुमाराला तीच कल्पना सुचली होती, पण श्रेय मेनार्डला जाऊ दिलं. मग सगळ्यांनी मिळून २०१४ मध्ये २४६ वर आणलं. मेनार्डला २०२२ मध्ये फील्ड्स.

निरगुडी

म्हणजे झांग यांचं काम दुसऱ्याच वर्षी निकालात निघालं?

हट्टी_गणक

अंतरापुरतं बोलायचं तर हो, मेनार्डची वाट सोपी आहे. पण वर्गमुळाच्या पलीकडे जाण्याचं झांग यांचं तंत्र वेगळ्या प्रश्नांना लागतं, मेनार्डने स्वतःच नंतर त्या दिशेने मोठं काम केलंय. आणि खरं सांगायचं तर मेनार्ड, ताओ सगळे त्या वर्षी तिकडे वळले ते कशामुळे? दार बंद आहे असं सगळे धरून चालले होते. झांग यांनी ते ढकलून दाखवलं.

या सगळ्या धबडग्यात झांग स्वतः मात्र आकडा खाली आणण्याच्या शर्यतीत उतरले नाहीत. ते त्यांच्या जुन्या प्रश्नाकडे परत गेले. तिथे गोष्ट अवघड होते.

चाळणकर

लांडाउ–सीगल शून्य. सांगायलाच हवं.

रीमान अनुमान म्हणजे झीटा फलाची शून्यं (ते जिथे ० होतं त्या जागा) कुठे असतात याबद्दलचं प्रसिद्ध अनुमान. त्याचा एक मोठा नातलग आहे, त्यात काही विशिष्ट फलांची शून्यं एका रेषेवर असावीत अशी अपेक्षा आहे. त्यातलं एखादं भरकटून १ च्या अगदी शेजारी जाऊन बसलं तर त्याला सीगल शून्य म्हणतात. असं शून्य बहुधा नसतंच, पण ‘नसतं’ हे सिद्ध होत नाही, आणि त्यापायी अंकशास्त्रातल्या असंख्य प्रमेयांत ‘सीगल शून्य नसेल तर’ अशी शेपटी जोडावी लागते.

झांग यांनी २००७ मध्येच यावर एक मसुदा टाकला होता, तो टिकला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा एक, १११ पानांचा. दावा पूर्ण निकालाचा नाही, थोडा सौम्य: जिथे लॉगरिदमचा घात −१ हवा तिथे त्यांनी −२०२२ मिळवला. हो, २०२२. साल बघून आकडा ठेवलाय हे उघड आहे. ७ कोटीवाला स्वभाव! सौम्य असला तरी बरोबर ठरला तर २०१३ पेक्षा मोठं काम. पण जाणकारांना त्यात अडचणी दिसल्या, ताओंनीही जाहीरपणे दुरुस्त्या मागितल्या. त्या मसुद्याला अजून मान्यता मिळालेली नाही.

रात्रपाळी

तेव्हा चिनी समाजमाध्यमांवर आणि आपल्याकडच्या काही पोर्टलांवर ‘रीमान अनुमान सुटलं’ अशा बातम्या झळकल्या होत्या. पान नंबर दोनही न वाचता.

निरगुडी

मग हा भाग ढकलपत्रात का नसतो ते कळलं. ६७ वर्षांचा माणूस परत एक अवघड प्रश्न घेतो, अडतो, आणि गोष्टीला टाळ्यांचा शेवट मिळत नाही. मला तर हेच जास्त आवडलं.

ते आता कुठे असतात?

हट्टी_गणक

२०२५ मध्ये ते चीनला परतले, सुन यात-सेन विद्यापीठात. चाळीस वर्षांनी. बातमी आली तेव्हा राजकारणाची चर्चा बरीच झाली, इथे ती नको.

@निरगुडी, तुमच्या आधीच्या मुद्द्यावर विचार करतोय. ‘रियाज सोडला नाही’ हे वाक्य तसंच ठेवतो, पण मित्रांबद्दल मी कमी लिहिलं हे खरं. केंटकीतलं दुकान मित्राचं, न्यू हॅम्पशायरची ओळख पेकिंगच्या मित्राची, कोलोरॅडोचं परस मित्राचं. एकट्याने लढलेला म्हणून जो सांगितला जातो त्याच्या प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी ओळखीचा उभा आहे.

पाटीपेन्सिल

शेवटचा प्रश्न, मग धागा छापून स्टाफरूममध्ये लावते. २४६ वरून २ वर कधी येणार?

चाळणकर

या वाटेने येणार नाही. २४६ हा ५० जागांच्या सगळ्यात आखूड ग्राह्य साच्याचा विस्तार आहे. मूळ संख्यांच्या वाटणीबद्दल आजच्याहून कितीतरी बळकट, अजून सिद्ध न झालेली गृहीतकं मानली तरी आकडा ६ वर येऊन थांबतो. त्याखाली चाळणीची एक जन्मजात अडचण आहे: मूळ अवयवांची संख्या सम आहे की विषम, हे तिला ओळखता येत नाही. चेन जिंगरुन ‘फार तर दोन मूळ संख्यांचा गुणाकार’ इथे अडले तेही याच खोडीमुळे. २ साठी दुसरंच काहीतरी लागेल.

पोरांना देण्यासारखा उद्योग: ० पासून सुरू होणारा पाच जागांचा ग्राह्य साचा शोधायला सांगा, जितका आखूड जमेल तितका. फक्त २, ३ आणि ५ च्या बाक्या तपासायच्या. १२ पर्यंत जमतो. आधी सांगू नका.